एकवीस चिंचोके

कॉम्प्युटरच्या खोलीत जायच्या आधी चपला बाहेर काढाव्या लागत, देवळात काढतो तशा. बाहेर सोलापूरचं ऊन भाजून काढत असायचं आणि आत वरून गार हवा अंगावर यायची. माझे दात वाजायचे. कुणी विचारलं तर मी सांगायचे, थंडीनं वाजतात. ते खरं नव्हतं. मला त्या यंत्राची भीती वाटायची.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची. आम्ही शुक्रवार पेठेत राहायचो. वडील, त्यांना मी अण्णा म्हणायचे, एका कापड गिरणीत हजेरी ऑफिसात कारकून होते. त्या गिरणीनं दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीनं वापरून टाकलेला कॉम्प्युटर घेतला आणि कार्ड पंच करायला मुली हव्यात असं अण्णांच्या कानावर आलं. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि घरात बसून होते. अण्णांनी कॉम्प्युटर खात्याच्या साहेबांकडं शब्द टाकला. मला नोकरी लागली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, की त्या खोलीचं दार मला अण्णांनीच उघडून दिलं.

आम्ही तिघी मुली काचेच्या अलीकडच्या खोलीत बसायचो. सुताच्या साठ्याचे आकडे कागदावर बघायचे आणि कळा दाबून जाड कागदाच्या कार्डात भोकं पाडायची, एवढंच काम. भोकं पाडलेले गठ्ठे काचेच्या पलीकडं जायचे. पलीकडं कपाटाएवढी पेटी होती, तिच्यावर लुकलुकणारे दिवे, एका बाजूला कार्डं गिळणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला छापणारं यंत्र. ते छापायला लागलं की कुणीतरी पत्रा फाडतंय असा आवाज व्हायचा. एका छोट्या टेबलावर टाइपरायटर होता. तो आपला आपण टाइप करायचा. पहिल्यांदा त्याच्या कळा हलताना मी बघितल्या तेव्हा माझ्या हातातलं कार्ड खाली पडलं होतं.

यंत्र चालवणारे ऑपरेटर पन्नाशीचे होते. ते आधी याच गिरणीत मागाच्या खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. माग बिघडायच्या आधीच त्यांना आवाजावरून कळायचं, म्हणून साहेबांनी त्यांना मुंबईला शिकायला पाठवून इकडं घेतलं होतं. घरी दखनी बोलायचे, आमच्याशी मराठीत दखनी मिसळून. सगळे त्यांना चाचा म्हणत.

माझ्या मनात भीतीच्या जोडीला आणखी एक गोष्ट शिरली ती पुण्यात. मावसबहिणीच्या लग्नाला गेलो होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींना प्रदर्शन बघायला नेलं. तिथं एका मांडवात गर्दी होती. टीव्हीच्या काळ्या काचेवर एक पांढरा ठिपका इकडून तिकडं पळत होता, दोन्ही कडांना दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, आणि लोक हातातली चकती फिरवून त्या पट्ट्यांनी ठिपका परतवत होते. माझी पाळी आली. मी चकती फिरवली आणि काचेच्या आतली पट्टी हलली. माझ्या अंगावर काटा आला. मी टीव्ही त्यापूर्वी दोनदाच बघितला होता. त्यात जे दिसतं ते बसून बघायचं असतं एवढंच मला माहीत होतं. त्याच्यावर आपला हात चालतो हे माहीत नव्हतं.

"हे कशानं हलतं हो?" मी मांडवातल्या माणसाला विचारलं.

"आत कॉम्प्युटर आहे, ताई. चला, पुढचे."

तसं काही त्या खोक्यात नव्हतं, नुसती तारांची जोडणी होती, हे मला फार वर्षांनी कळलं. पण त्या वेळी मला वाटलं, कॉम्प्युटर तर आमच्याकडंही आहे.

सोलापूरला आल्यावर चार दिवस मी धीर गोळा केला आणि जेवणाच्या सुट्टीत चाचांना विचारलं, "चाचा, आपल्या मशीनवर खेळ करता येईल का?"

चाचा डबा सोडत होते. ते हसले. "अपने मशीन को आंख कुटं हाय, बेटी? मुं बी नै. कागद हाय नुसता. त्याला काय खेळ सांगते?"

"सांगायचं कसं पण?"

त्यांनी कपाटाकडं बोट केलं. "साहेबांचं पुस्तक हाय तितं. फोर्ट्रान, मशीन की भाषा. पढ़ के वापस रख. साहेबांना न विचारता घेतेस, ध्यान में रख."

ते पुस्तक मी ओढणीखाली घालून घरी नेलं. रस्ताभर वाटत होतं, मागून साहेबांची स्कूटर येतेय. पुस्तक इंग्रजीत होतं आणि माझं इंग्रजी परीक्षेपुरतं. पण त्यातली उदाहरणं गणिताची होती, ती मला ओळखीची वाटली. मी वहीत उतरवून घेतलं: अमुक असेल तर या ओळीवर जा, नसेल तर पुढं जा, हे इतक्यांदा कर. आईनं डोकावून विचारलं, "परत परीक्षा हाय का काय?" मी हो म्हणाले. आई मैंदर्गीची. तिच्या बोलण्यात कानडी मिसळलेली असे, आणि ती खोटं लगेच ओळखायची. त्या दिवशी ती नुसती आत निघून गेली.

साहेब दुपारी एक ते दोन जेवायला घरी जात. तेवढा तास मला मिळाला. मी घाईनं जेवायचे, माझी कार्डं पंच करायचे आणि चाचांकडं द्यायचे. पहिल्या प्रोग्रॅमात दोन आकड्यांची बेरीज होती. यंत्रानं सात चुका छापून दिल्या. वाटलं, या सात चुका कुठंतरी माझ्या नावावर नोंदल्या गेल्या असतील आणि दोन वाजता साहेब आल्यावर यंत्र त्यांना सांगेल. चाचांनी कागद फाडून माझ्या हातात दिला. "गलती सब को दिखाता. मुंबईत मला वीस दिल्त्या."

आठ दिवसांनी बेरीज बरोबर आली. पाच आणि सात बारा. मी तो कागद कितीतरी वेळ बघत उभी होते.

मग मी चेंडूच्या मागं लागले. काच नाही तर नाही. प्रत्येक पानावर एक फुली छापायची, पुढच्या पानावर ती थोडी उजवीकडं. साठाव्या, म्हणजे शेवटच्या घरात पोचली की उलटी फिरवायची. पानं अंगठ्यानं भराभर सोडली की फुली पळताना दिसेल. कल्पना मला इतकी आवडली की मी ती कुणाला सांगितली नाही. प्रोग्रॅम लिहिला, चारदा वाचला. घर साठ झालं तर वळ, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

चाचांनी कार्डं लावली. पहिली पानं सुंदर आली. फुली सरकत होती. आठवं पान. नववं. मग कोरं पान आलं. परत कोरं. छापणारं यंत्र एकामागून एक कोरी पानं बाहेर फेकायला लागलं. कागद टोपलीत मावेना, जमिनीवर घड्या पडायला लागल्या, आणि पेटीवरचा तांबडा दिवा लागला. सगळं थांबलं. ती शांतता त्या आवाजापेक्षा वाईट होती.

"चाचा, मोडलं?"

चाचा वाकून दिवे वाचत होते. भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी. दोन वाजता सुताच्या साठ्याची यादी काढायची होती, सगळं खातं तिची वाट बघत होतं. माझ्या डोळ्यांपुढं आलं ते असं: साहेब दारात, अण्णांना बोलावणं, अण्णा हात जोडून उभे. एवढ्या मोठ्या यंत्राची भरपाई कुठल्या जन्मात होणार. मी जमिनीवर, त्या कोऱ्या कागदांवरच बसले.

"उठ," चाचा म्हणाले. "कुच नै मोडा. तूने उसकू घराबाहेर भेजा, वो गया. कागद गोळा कर."

त्यांनी दोन-तीन बटणं दाबली, नेहमीची कार्डं परत घातली, दिवा विझला. मी कागद भराभर गोळा करून जेवणाच्या पिशवीत कोंबले. साहेब आले, यंत्रात लावलेला कागद कमी झालेला त्यांना दिसला असावा. त्यांनी विचारलं. चाचा म्हणाले, "कागद अडकला साहेब, फाडना पडा." माझ्यासाठी एक नमाजी माणूस खोटं बोलला. मान वर करून बघायचं धाडस मला झालं नाही.

चूक मला रात्री नाही, चालत घरी जाताना सापडली, ऐन बाजारात. चेंडू पहिल्या घरातून निघून सात-सात घरं उडत होता. आठ, पंधरा, बावीस... सत्तावन्न, चौसष्ट. साठ हे घर त्याला कधी लागतच नव्हतं. मी यंत्राला साठ झालं तर वळ म्हणाले होते. साठ झालंच नाही, म्हणून ते बिचारं वळलं नाही. साठ किंवा त्याच्या पुढं, एवढं म्हणायचं राहिलं होतं. भाजीवाली विचारत होती, "काय देऊ, अक्का?" आणि मी हसत उभी. पण हसताहसताच मला परत भीती वाटली. ही वेगळी होती. आपण म्हणतो तेवढंच ते करतं, आपल्या मनातलं त्याला काडीइतकं कळत नाही. म्हणजे जे काही होईल ते माझ्या म्हणण्यानं होईल.

दोन आठवड्यांनी दुरुस्त केलेला चेंडू चाचांनी वीस पानांवर छापून दिला. अंगठ्यानं पानं सोडली, फुली उजवीकडं गेली, वळली, परत आली. चाचांनी स्वतः दहा वेळा पानं सोडून बघितली. मग म्हणाले, "कागद लई खातो ये खेल. कमी कागदाचं काहीतरी कर."

तेव्हा मला चिंचोक्यांचा खेळ आठवला. लहानपणी आम्ही खेळायचो. एकवीस चिंचोके मांडायचे. दोघांनी आळीपाळीनं उचलायचे, एका वेळी एक, दोन किंवा तीन. शेवटचा चिंचोका ज्याला उचलावा लागेल तो हरला. मला कॉलेजात असताना त्याची मेख कळली होती: समोरच्यानं पहिल्यांदा उचलायचं, आणि तो जेवढे उचलेल त्याचे आपण चार पुरे करायचे. त्यानं एक घेतला तर आपण तीन, दोन घेतले तर दोन. प्रत्येक फेरीत चार जातात, शेवटी एक उरतो आणि तो त्याच्याच वाट्याला येतो. पहिल्यांदा उचलणारा जिंकूच शकत नाही.

हा प्रोग्रॅम अवघा तीस कार्डांचा झाला. टाइपरायटरवर यंत्र विचारायचं, रोमन अक्षरांत पण आपल्या मराठीत, "किती घेता?" आपण आकडा टाइप करायचा. ते आपले घ्यायचं आणि किती उरले ते छापायचं. चाचा खेळले आणि हरले. परत खेळले, परत हरले. तिसऱ्यांदा त्यांनी टाइपरायटरवरचा हात काढून घेतला आणि माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघितलं. "इसकू अकल आ गई क्या?" मी त्यांना मेख सांगितली तेव्हा ते मोठ्यानं हसले. तरी जाताना त्यांनी यंत्राकडं एकदा वळून बघितलंच.

याच दिवसांत गिरणीत बातमी फुटली, की हजेरीही आता कॉम्प्युटरवर जाणार. हजेरी ऑफिसात नऊ कारकून होते. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक कामगाराची नोंद ते मोठमोठ्या रजिस्टरांत हातानं करत. अण्णा त्यात तीस वर्षं होते. केम गावाहून अठराव्या वर्षी आलेला माणूस. दुसरं काम त्यांनी केलं नव्हतं. नऊ जणांचं काय होणार हे कुणी सांगेना. भोंगा झाल्यावर फाटकाबाहेर लोक घोळक्यानं उभे राहायला लागले. मी बाहेर पडले की बोलणं थांबायचं. ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत होते ते दुसरीकडं बघायचे. एकदा पाठीमागून आवाज आला, "ही बघा मशीनवाली. बापाच्या ताटात माती कालवतीया." मी मागं वळले नाही. पळायचंही नाही असं ठरवून चालले, आणि घरी पोचेपर्यंत पाठीवर दगड बसेल म्हणून खांदे आवळून धरले होते. दगड कुणी मारला नाही. घरी अण्णा आधीच आलेले होते. त्यांनी विचारलं, "चेहरा का उतरलाय?" मी म्हणाले, "ऊन." ते म्हणाले, "व्हय, लई ऊन हाय." आमचं दोघांचं त्या महिन्यात एवढंच बोलणं व्हायचं.

साहेबांना वाटलं, लोकांनी यंत्र जवळून बघितलं की त्यांची भीती जाईल. एका दुपारी त्यांनी हजेरी ऑफिसातल्या नऊही जणांना बोलावलं. नऊ जणांनी दारात चपला काढल्या. अण्णा सगळ्यात शेवटी होते. साहेबांनी यादी छापायला लावली. तो पत्रा फाडल्यासारखा आवाज झाला आणि पुढचे दोघं मागच्यांच्या पायावर गेले. साहेब हसले. मग ते माझ्याकडं वळले.

"तू केलेला खेळ दाखव की यांना."

साहेबांना माहीत होतं. कधीपासून, ते मला आजही ठाऊक नाही. चाचा जमिनीकडं बघत होते.

"घाबरू नकोस. चांगला केलायस. तुझ्या वडलांनाच बसव."

अण्णा टाइपरायटरसमोर खुर्चीच्या कडेवर बसले. मी त्यांना सांगितलं, एक, दोन किंवा तीन. त्यांनी एका बोटानं दोन दाबले. कळा आपोआप हलल्या, यंत्रानं दोन घेतले. अण्णांनी हात मागं ओढला, चटका बसल्यासारखा. पुढं त्यांनी एक घेतला, यंत्रानं तीन. अण्णा हरले. दुसऱ्यांदा ते फार विचार करून खेळले, ओठ हलवत, हिशेब जुळवत. हरले. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम कसेही आकडे दाबले. तरी हरले.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मनातलं ओळखतंय ते."

कुणी हसलं नाही. अण्णांच्या कानामागून घाम वाहत होता, त्या गारठ्यात. साहेब मात्र खूष होते. "बघितलंत? चुकत नाही." एवढंच म्हणायला हवं होतं मी, की अण्णा, यात काही नाही, चार पुरे करायचे असतात. एक वाक्य. साहेब शेजारी उभे होते, माझा खेळ चांगला आहे असं ते म्हणाले होते, आणि मी भ्याले. नऊ जणांनी बाहेर जाऊन चपला घातल्या. भीती घालवायला आलेली माणसं दुप्पट भीती घेऊन गेली, आणि ती मी तीस कार्डांवर स्वतःच्या हातानं पंच केली होती.

त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, आले आणि पडून राहिले. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "काय दावलीस त्येंना तितं?"

"खेळ होता गं."

"असला खेळ ब्याड, नगं मला," ती म्हणाली. "काल म्हनतात, त्या पेटीला मानसाच्या मनातलं कळतंय. मग मी कशाला ऱ्हायलो. असं बोलतंय का शानं मानूस?" तिचे डोळे भरले होते. घाबरलेली आई मी त्याआधी बघितली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी डब्यातून एकवीस चिंचोके मोजून घेतले आणि अण्णांपुढं मांडले. त्यांनी तोंड फिरवलं.

"अण्णा, एकदाच. माझ्याशी."

ते माझ्यासाठी उठून बसले. त्यांनी तीन घेतले, मी एक. त्यांनी दोन, मी दोन. ते हरले आणि माझ्याकडं बघत राहिले. चाचांनी बघितलं होतं तसंच.

"तू बी तसंच करतीस."

"मी तसं करत नाही, अण्णा. ते माझ्यासारखं करतं." आणि मी मेख सांगितली. चार पुरे करायचे, बास. त्यांना पटेना. मी आईला हाक मारली, आईला पहिल्यांदा उचलायला लावलं आणि अण्णांना सांगितलं, तुम्ही मशीन व्हा. आई हरली. परत हरली. "अय्यो, ह्ये काय!" ती म्हणाली. अण्णा जिंकले तरी हसले नाहीत. ते चिंचोके बोटानं हलवत बसले.

"म्हंजे त्याला काय कळत न्हाय."

"काहीच नाही."

"आन् मी पयल्यांदा उचललं म्हणून हरलो. दुसरं बसलं असतं तरी हरलं असतं."

"हो."

मग त्यांनी मान वर केली. "मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?"

खोटं सांगायला मला काही सुचलं नाही. "साहेबांना भ्याले."

अण्णा म्हणाले, "मी बी भ्यालो. हात मागं वढला मी, समद्यांनी बघितलं." त्यांनी चिंचोके गोळा केले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी हजेरी ऑफिसात त्यांनी आठही जणांना ओळीनं हरवलं आणि मग मेख फोडली, असं मला चाचांकडून कळलं. पेटीत भूत नाही एवढं सगळ्यांना पटलं. पण म्हणून काही बदललं नाही. अण्णाच म्हणाले, "भूत नसू दे. जागा तर जानारच की." ते बरोबर होतं. मनातलं ओळखणाऱ्या यंत्राची भीती खोटी होती, जागेची खरी. आणि त्या खऱ्या भीतीवर माझ्याकडं काही मेख नव्हती.

महिन्याभरानं साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की मी कार्डं पंच करणं सोडून प्रोग्रॅम लिहायला बसायचं. पहिलं काम हजेरीचं. मी नको म्हणू शकले असते. मग पुण्याहून कुणीतरी आलं असतं. मी घरी गेले आणि अण्णांना सांगितलं.

त्यांनी पान थुंकून तोंड धुतलं. "लिहून घे," ते म्हणाले. "बदली कामगार फाटकावर येतो आन् काम नसलं तर परत जातो. त्याची खूण वेगळी. ही खूण चुकली तर त्या मानसाचा हक्क बुडतो. तुझ्या पेटीला हे कोन सांगनार?"

तीन आठवडे ते रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी माझ्याशेजारी बसले. अर्धी पाळी, उशिराचा पास, एका पाळीतून दुसरीत गेलेला माणूस, आजारी रजा, एकाच नावाचे चौघं. पुस्तकात यातलं काही नव्हतं, साहेबांनाही नव्हतं माहीत. तीस वर्षांचं सगळं त्यांनी सांगितलं आणि मी 'अमुक असेल तर' करत करत कार्डांवर उतरवलं. जेवढं जास्त उतरायचं तेवढी त्यांची गरज कमी होत होती. आम्हा दोघांनाही ते दिसत होतं. एकदा मी लिहायची थांबले. ते म्हणाले, "थांबू नगंस. चुकीचं लिहिलंस तर दोनदा मरन."

खेळ मी त्यानंतर वर्षभर केला नाही. मग एकदा दुपारी चाचांनीच विषय काढला, तेव्हा मी चिंचोक्यांचाच प्रोग्रॅम बदलला. समोरच्याला आधी विचारायचं, पहिल्यांदा तुम्ही उचलता की मी. ज्याला विचार करायचा आहे त्याला जिंकायला वाट ठेवायची. चाचा पहिल्याच डावाला जिंकले आणि त्यांनी तो कागद फाडून घरी नेला.

हे पुढचं झालं. हजेरीची पहिली यादी निघाली त्या दिवशी अण्णांची बदली सुताच्या गोदामात झालेली होती. नऊपैकी दोघांना घरी बसवलं, बाकीचे इकडंतिकडं वाटले गेले. तरी अण्णा जेवणाच्या सुट्टीत आले. त्यांनी दारात चपला काढल्या, आत आले, काखेत शेवटच्या महिन्याचं रजिस्टर. टेबलावर एका बाजूला रजिस्टर उघडलं, दुसऱ्या बाजूला छापील यादी पसरली, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खाली सरकायला लागले. मी शेजारी उभी होते. दात वाजत होते. साहेब आले तरी अण्णा उठले नाहीत.

चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. एक बदली कामगार, फाटकावरून परत गेलेला. यादीत तो गैरहजर पडला होता.

"हितं चुकलंय," अण्णा म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी कार्डांचा गठ्ठा ओढला, चुकलेलं कार्ड शोधून काढलं आणि नवं पंच करायला गेले.